सोवळ्याची खोली

आमच्या प्रयोगशाळेतल्या एका खोलीला सगळे सोवळ्याची खोली म्हणतात. दारावरची पाटी वेगळी आहे, पण ती कुणी वाचत नाही. बाहेरच्या चपला बाहेर काढायच्या, आतल्या घालायच्या. हात कोपरापर्यंत धुवायचे, वर स्पिरिट मारायचं, धुतलेला कोट, तोंडाला मास्क. एकदा हात काचेच्या पेटीत घातले की नाक खाजलं तरी खाजवायचं नाही. चुकून मोबाईलला हात लागला तर पुन्हा पहिल्यापासून. आत आम्ही माणसाच्या पेशी वाढवतो. हवेतली एखादी बुरशी बाटलीत शिरली तर दोनेक दिवसांत सगळं गढूळ होतं आणि महिन्यांची मेहनत ओतून द्यावी लागते.

नाव मावशींनी ठेवलं. मावशी आमच्याकडे साफसफाईला आणि काचसामान धुवायला आहेत, कुपवाडहून स्कूटीवर येतात. लग्न होऊन सांगलीत आल्या तेव्हा त्या एका घरी धुणीभांडी करायच्या. त्या घरच्या म्हाताऱ्या बाई सोवळ्यात स्वयंपाक करत, आणि मावशींना स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायची मुभा नव्हती. खरकटी भांडी दारात ठेवली जात, यांनी घासून दारातच ठेवायची, मग बाई भांड्यांवर पाणी शिंपडून ती आत घेत. मी त्यांना आमची खोली पहिल्यांदा समजावून सांगितली तेव्हा त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजी सोवळंच की. तवा मी भाईर हुते. आता मी सांगनार, कोन आत आन् कोन भाईर."

आणि त्यांनी ते पाळलं. पाहणीला आलेल्या एका बड्या डॉक्टरांना त्यांनी बुटांसकट दारात उभं केलं होतं. विद्यार्थी एकमेकांना "विटाळलास, जा, हात धू" म्हणायचे. मीही म्हणायचे. थट्टा इतकी जुनी झाली की ती थट्टा आहे हे वेगळं सांगायचं कुणाच्या डोक्यात येईना. मावशींच्या मनात ती कधीपासून थट्टा राहिली नव्हती, की कधीच नव्हती, हे मला आजही माहीत नाही.

माझं काम धमनीच्या भिंतीतल्या पेशींवर आहे. लोकांना वाटतं धमनी म्हणजे नळ, आणि नळात गाळ बसतो तशी तिच्यात चरबी बसते. माझा नवराही मला चेष्टेने नळ कंपनी म्हणायचा. त्याचा कुपवाडला छोटा कारखाना होता, पंपांचे सुटे भाग तो लेथवर कातून द्यायचा, त्यामुळे नळ, झडपा, दाब यांवर आपला अधिकार माझ्याहून मोठा आहे असं त्याला वाटे. पण धमनीची भिंत जिवंत असते. तिच्या मधल्या थरात स्नायूंच्या पेशी एका दिशेने शेजारी शेजारी निजलेल्या असतात. ठोक्यागणिक येणारा ताण सोसणं एवढंच त्यांचं काम. भिंतीला आतून इजा होत राहिली, धुराने, साखरेने, चरबीने, की त्यांच्यातल्या काही आपलं काम सोडतात. जागा सोडून आतल्या बाजूला सरकतात, वाढायला लागतात, चरबी गिळतात. गिळून गिळून फुगतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली फेसासारख्या दिसतात. त्यांच्यातल्याच दुसऱ्या काही त्या चरबीच्या ढिगावर एक पापुद्रा विणतात, दुधावरच्या सायीसारखा. तो धड असेपर्यंत माणूस जेवतो, जिने चढतो, भांडतो. साय फाटली की तिथे रक्त गोठतं. या आजाराला अथेरोस्क्लेरोसिस म्हणतात. बिघडवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या पेशी एकाच घरातल्या आहेत हे मला समजायला बरीच वर्षं गेली. समजल्यावर पुढे काय करायचं ते अजून समजलेलं नाही.

छातीच्या हाडामागून एक धमनी जाते, तिला हा आजार सहसा होत नाही. म्हणून बायपासच्या वेळी सर्जन तिचं खालचं टोक सोडवून हृदयाला जोडतात. जोडताना थोडं टोक कापावं लागतं. तो तुकडा, तांदळाच्या दाण्याहून जरासा मोठा, रुग्णाने लेखी परवानगी दिली असेल तर माझ्याकडे येतो. त्याच्यावर नाव नसतं, फक्त आकडा असतो. रुग्णाला मी कधी भेटत नाही.

एका बाईंना मात्र भेटले. त्यांना सही करायच्या आधी बघायचं होतं की आपली नस मागणारी बाई दिसते तरी कशी. म्हसवडकडच्या होत्या, मिश्रीने दात काळे झालेले, साखर जुनी, हृदयाच्या तिन्ही नसा तुंबलेल्या. मी खाटेशेजारी स्टुलावर बसून पाच मिनिटं बोलले. त्या म्हणाल्या, "सिद्धनाथाला बोलल्ये, नीट घरी गेले तर तोरन बांदीन. तुमचं काय ते तुमी बगा. पर माजं घेताय तर वाया घालवू नगा." नाही घालवणार, असं मी म्हणाले. अशा वेळी दुसरं काय म्हणतात.

त्या नीट घरी गेल्या. त्यांचा तुकडा माझ्याकडे आला, आणि तो कोवळ्या मुलीच्या धमनीसारखा स्वच्छ होता. त्याच शरीरात, त्याच रक्तावर पोसलेल्या हृदयाच्या नसा सडल्या होत्या आणि ही एक तशीच राहिली होती. तिच्या भिंतीतल्या पेशींना असं काय माहीत होतं जे इतरांना माहीत नव्हतं, एवढाच माझा प्रश्न होता. माझ्या सगळ्या कामाचा तोच प्रश्न आहे, पण इतका उघड तो कधी माझ्यासमोर आला नव्हता.

म्हाताऱ्या माणसाच्या पेशी सावकाश वाढतात. या तर फारच सावकाश वाढल्या. तुकड्यातून पहिल्या पेशी बाहेर सरकलेल्या दिसायलाच कितीतरी दिवस गेले. बाटल्या अंगाइतक्या उबेच्या कपाटात ठेवायच्या, दर दोन-तीन दिवसांनी जुनं द्रव काढायचं, नवं गुलाबी द्रव घालायचं, हेच त्यांचं जेवण. पावसाळा गेला, दिवाळी गेली, तेव्हा कुठे तीन बाटल्यांचे तळ भरत आले. पुरेशा झाल्या की काही पेशी द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवता येतात, मग चिंता नसते. आमचा नायट्रोजन गाईम्हशींच्या कृत्रिम रेतन केंद्रांना पुरवठा करणाऱ्या गाडीतूनच येतो. ती गाडी बुधवारी यायची होती. सोमवारी सकाळी मला साताऱ्याहून फोन आला.

नवरा रविवारी साताऱ्याला आईवडिलांकडे गेला होता. पाण्याच्या टाकीची मोटर बिघडली होती, आणि बाहेरचा माणूस आणलेला त्याला खपायचा नाही. सोमवारी पहाटे छातीत जळजळतंय म्हणाला. पित्त झालंय म्हणाला. थंड दूध प्यायला, पडवीतल्या खाटेवर जरा पडला. उठून बसला तेव्हा घामाने भिजला होता. वडिलांनी रिक्षा आणली. हॉस्पिटलच्या दारात पोचले तेव्हा रिक्षेतच सगळं संपलं होतं.

हे मला दिराने फोनवर सांगितलं तेव्हा मी सोवळ्याच्या खोलीच्या दारात उभी होते. कुणीतरी माझा कोट काढून घेतला. कुणीतरी गाडी बोलावली. मावशींनी माझ्या पायांतल्या आतल्या चपला काढून बाहेरच्या घातल्या, हे मला आठवतं, कारण त्यासाठी त्या खाली बसल्या होत्या.

सातारच्या घरी पुढचे दिवस माणसं येत राहिली. सासरे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यामुळे मिशा पांढऱ्या झालेली, ताठ बसणारी बरीच माणसं आली. ती सासऱ्यांजवळ ओट्यावर बसत आणि फार बोलत नसत. बायका आत येत, आणि त्या बोलत. माझ्या नोकरीची माहिती प्रत्येकीला कुठून ना कुठून होतीच. तुम्ही हार्टवरच काम करता ना, असं विचारून त्या गप्प बसत, आणि उरलेला प्रश्न माझ्या मांडीवर ठेवून जात.

त्याचं उत्तर मला येत होतं. नस आतून अरुंद होण्याआधी बाहेरच्या अंगाने फुगते, रक्ताची वाट बराच काळ तेवढीच राहते, त्यामुळे माणसाला काही जाणवत नाही आणि साध्या तपासण्यांतही दिसत नाही. त्याचा कार्डिओग्राम दसऱ्याच्या सुमारास काढला होता, तो चांगला होता. मला हे पहिल्या दोघी-तिघींना सांगावंसं वाटलं. मग वाटेनासं झालं. एखादी गोष्ट पूर्ण समजलेली असणं आणि तिचा काही उपयोग नसणं, या दोन्हींनी मिळून अंगात जो थकवा येतो तो झोपेने जात नाही.

बाटल्यांची आठवण मला तिसऱ्या दिवशी झाली. राख सावडून माणसं परतली होती, मी भिंतीला टेकून बसले होते, आणि शेजारच्या घरातून आलेल्या पिठल्याचं भांडं माझ्यासमोर होतं. आज त्यांना द्रव घालायचा दिवस, एवढंच डोक्यात आलं. मी परसात जाऊन माझ्या सहकाऱ्याला फोन केला. तो माझ्याहून धाकटा, सरळ मनाचा, कामाला चोख. बाईंच्या तीन बाटल्यांतलं द्रव बदलाल का, आणि आज गाडी आली की गोठवण्याचं ठरलेलं ते तुम्ही कराल का, असं मी विचारलं. तो म्हणाला, तुम्ही अजिबात काळजी करू नका मॅडम, इकडचं सगळं आम्ही बघतो, तुम्ही स्वतःला सांभाळा.

नंतर दोनदा मी फोन केला. दोन्ही वेळा त्याने सगळं व्यवस्थित आहे असं सांगितलं. दुसऱ्या वेळी मी रंग विचारला. ते द्रव ताजं असताना गुलाबी असतं आणि पेशींनी खाऊन संपवलं की पिवळं पडतं. ज्याने बाटली हातात धरली आहे तो सगळ्यात आधी रंगच सांगतो. तो म्हणाला, ठीक आहे मॅडम. त्याच्या आवाजात काहीतरी होतं. मी पुढे विचारलं नाही. सुतकातल्या घरून फोन येतोय म्हणून तो बिचारा आधीच अवघडला होता, आणि माझ्यातही कुणाला खोदून विचारण्याचं बळ नव्हतं.

मी सासूबाईंना म्हटलं, मला एक दिवस सांगलीला जाऊन यावं लागेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. त्यांची थोरली नणंद तिथेच होती. ती कुणाला उद्देशून नाही अशा स्वरात म्हणाली की पोर नाही बाळ नाही, आणि ही बाटल्या सांभाळतीय. कुणी तिला गप्प केलं नाही. खोटं काहीच नव्हतं त्यात.

संध्याकाळी सासऱ्यांनी मला ओट्यावर बोलावलं. मी त्यांना मामा म्हणते. त्यांनी विचारलं, "न्हाई गेलीस तर काय हुईल?"

"मरतील त्या पेशी."

"कुनाच्या हाईत?"

"म्हसवडकडच्या एक बाई आहेत. ऑपरेशन झालेल्या."

"बाई जित्ती हाय?"

"हो."

ते मिशीवरून हात फिरवत राहिले. मला वाटलं आता म्हणतील, मग तिचं काय अडलंय. पण ते म्हणाले, "दहावा हुं दे. अकराव्या दिशी मी येतो संगं." आणि ओट्यावरून उठून आत गेले. बहिणीला काय सांगितलं माहीत नाही, पण तिने नंतर विषय काढला नाही.

माहुलीच्या घाटावर दहावा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सातारा स्टँडवरून सांगलीची एसटी धरली. मामांनी मला खिडकीशी बसवलं आणि स्वतः काठी गुडघ्यांत धरून वाटेच्या बाजूला बसले. बाहेर उसाने भरलेल्या ट्रॉल्या जात होत्या आणि बस त्यांच्या मागे अडकत होती. कऱ्हाडला त्यांनी चहा घेतला, मला दिला. पेठ नाका जवळ आला तेव्हा समोर बघतच ते बोलले.

"पोरी, एक इचारू? दूध मी दिलं त्येला. फ्रीजमधलं. त्यानं काय झालं का?"

मला त्यांच्याकडे बघवेना. साय हा शब्द मी विद्यार्थ्यांसमोर इतक्या वर्षांत कितीदा वापरला असेन. तो आता तोंडातून निसटू नये म्हणून मी आधी वाक्य मनात जुळवून घेतलं.

"नाही मामा. दुधाने काही होत नाही. आत जे फाटायचं ते आधीच फाटलं होतं."

"पर येळ गेला न्हवं. पित्त पित्त म्हनत बसलो आमी."

"तसं सगळेच म्हणतात. डॉक्टर स्वतःच्या बाबतीत म्हणतात."

"म्हंजी येळ गेला."

त्यांनी मान हलवली, जणू मी उत्तर दिलं होतं. मग काठी या हातातून त्या हातात घेतली. मी खोटं बोलले नव्हते आणि खरंही पुरतं सांगितलं नव्हतं. माझं शिक्षण त्यांच्या कामी येण्याची ती एकच वेळ होती, आणि तेवढीच ती आली.

प्रयोगशाळेत मावशी दारातच होत्या. मला बघून रडल्या, मामांना वाकून नमस्कार केला, त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं. मी हात धुवायला लागले. कोटाला हात घातला तेव्हा त्या मध्ये आल्या.

"बाई, आत न्हाई जायचं."

मला वाटलं आत काहीतरी सांडलंय, औषध मारलंय. मी म्हटलं, का हो?

"तुमाला सुतक हाय न्हवं. तेरावं व्हऊ द्या. मी कुनाला हात लावू दिला न्हाई तुमच्या बाटल्यांस्नी. सर आल्ते दोन बारी, त्येंनाबी सांगितलं, बाईंच्या हातच्या हाईत त्या, बाटल्यांस्नीबी सुतक हाय. म्या दार उगडूबी दिलं न्हाई त्या कपाटाचं."

त्यांनी हे अभिमानाने सांगितलं. इतके दिवस त्यांनी माझ्यासाठी पहारा दिला होता. माझा सहकारी मागे येऊन उभा होता. त्याच्याकडे मी नुसतं बघितलं. तो म्हणाला, मला वाटलं तुमच्याकडे पाळत असतील, फोनवर कसं विचारायचं. त्याचे कान लाल झाले होते. अशा घरी कामाचं विचारायला फोन करू नये हे त्याला घरी शिकवलं गेलं होतं, आणि मी फोन केला तेव्हा, आमच्याकडे बाटल्यांनाही सुतक पाळतात का, हे तो मला विचारू शकला नव्हता. मला रागवायला हवं होतं. राग कुठून आणायचा ते सुचेना.

मी मावशींना समजवायला सुरुवात केली. हे सोवळं तसलं नाही, ते जंतूंपुरतं आहे, वगैरे. माझं मलाच ऐकू येत होतं की हे बोलणं पोचत नाहीये. मी नुसती मान हलवली असती तर आत जाता आलं असतं, सहकाऱ्याने मावशींना हाताला धरून दूर केलं असतं. पण ज्यांना कुणीतरी एकदा उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं त्यांना मी त्यांच्या दारातून बाजूला सारावं, हे माझ्याच्याने होईना. त्यात मावशींच्या डोळ्यांत भीती दिसत होती. त्यांना खरंच वाटत होतं की आत गेले तर माझंच आणखी काहीतरी वाईट होईल.

बाकावरून मामा बोलले. "मावशी, सुतक कवापास्नं धरत्यात?"

"माणूस गेल्यापास्नं की."

"आन् लांब असल्यावर?"

"कळल्यापास्नं," मावशी म्हणाल्या.

"माझा बा गेला तवा मी लेहमधी हुतो. रस्ता बंद. महिन्यानं कळलं. महिनाभर मी जेवलो, पत्तं खेळलो, देवाला फुलं वाहिली, त्यात काय इटाळ न्हवता. कळलं तवा तिथंच अंगोळ केली बरफाच्या पान्यानं." त्यांनी काठी दाराकडे केली. "आता मला सांगा, त्या बाटल्यांस्नी कुनी कळवलं का?"

मावशींनी एकदा बंद दाराकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे.

"न्हाई बा," त्या म्हणाल्या. "म्या तर आत पाऊलच ठेवलं न्हाई."

"मग त्येंच्याम्होरं बोलू नगा काय. जा पोरी. तोंड बांदून जा."

मावशी बाजूला झाल्या. मला आतल्या चपला त्यांनीच पुढे करून दिल्या.

कपाट उघडलं. उबेचा तोच वास आला. तिन्ही बाटल्या पिवळ्या पडल्या होत्या, लिंबाच्या सरबतासारख्या, आणि तळाशी दिसायला हवी ती धूसर चादर दोन बाटल्यांत नव्हती. सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या तेव्हा पेशी सुटून गोल होऊन तरंगत होत्या. त्या दोन बाटल्या मी बाजूला ठेवल्या. तिसरीत एका कोपऱ्याला काही अजून तळाला धरून होत्या. फार नाहीत. लांबट, बारीक झालेल्या, सगळ्या एका दिशेने. मी पिवळं द्रव काढलं आणि गुलाबी घातलं. हात कापेल अशी भीती होती, कापला नाही. ती इतक्या वर्षांची सवय आहे, तिला माझ्याशी काही देणंघेणं नाही.

बाहेर आले तेव्हा मामांनी भुवया उंचावल्या. मी सांगितलं, एक बाटली आहे. ते म्हणाले, "एक म्हंजी हाय की," आणि काठी टेकून उठले. दुपारच्या बसने आम्ही साताऱ्याला परत गेलो. तेराव्याला घर भरलं होतं. मी वाढपाला उभी राहिले आणि कुणी मला अडवलं नाही.

त्यानंतर मी सांगलीच्या घरी परत आले. सकाळी उठते, चहा करते, एकाच कपाचा. त्याचा कारखाना दिराने चालवायला घेतला आहे. प्रयोगशाळेत जाते. तिसरी बाटली मी दर दोन दिवसांनी जेवू घालत होते. त्या कोपऱ्यातल्या पेशी जगल्या, पण वाढल्या नाहीत. उपाशी राहिलेल्या अशा पेशी कधीकधी वाढायचं सोडतात आणि धमनीच्या भिंतीत असतात तशा शांत निजून राहतात. आम्ही तेच बघायला त्यांना मुद्दाम उपाशी ठेवतोही, पण काही तासांपुरतं. माझ्या प्रश्नासाठी त्यांना वाढायला हवं होतं. गोठवण्याइतक्या त्या कधीच झाल्या नाहीत. नायट्रोजनची गाडी आली आणि गेली. सहकाऱ्याने दुसऱ्या रुग्णाचा नवा तुकडा मागवू या का असं विचारलं, मी हो म्हणाले. तो येईल. असा येईल असं नाही.

मावशी रोज विचारायच्या, कशा हाईत. त्यांना कुणी दोष दिला नाही, पण त्यांना काहीतरी उमगलं असावं. आता त्या दारात कुणाला अडवत नाहीत. विद्यार्थी बिनदिक्कत बाहेरच्या चपलांनी उंबऱ्यापर्यंत येतात, मलाच ओरडावं लागतं. ते मला आवडत नाही.

मामा दर रविवारी सकाळी फोन करतात. पूर्वी ते फोन करत नसत, मुलगा करायचा. मुलाबद्दल ते बोलत नाहीत. मीही बोलत नाही. टाकीची मोटर त्यांनी अजून दुरुस्त करून घेतलेली नाही, हे मला सासूबाईंकडून कळलं. बादलीने पाणी वर नेतात. फोनवर ते ऊन किती आहे ते सांगतात, सासूबाईंच्या गुडघ्याचं सांगतात, आणि मग ठरल्यासारखं विचारतात, "बाटली काय म्हनतीया?" मी सांगते. रंग कसा आहे, नवं द्रव कधी घातलं, कोपऱ्यातल्या पेशी कशा दिसतात. ते सगळं ऐकून घेतात. मधे एकदा त्यांनी विचारलं, त्या बाईला कळवलंयस का, तिची नस अजून हाय म्हनून. मी म्हटलं, आम्हाला तसं कळवता येत नाही. "कळवाय पायजे," ते म्हणाले.

मागच्या गुरुवारी मी बाटली सूक्ष्मदर्शकाखाली धरली तेव्हा तळ मोकळा होता. सगळ्या सुटल्या होत्या. नियमाप्रमाणे तिच्यात ब्लीच घालून ठेवली, गुलाबी रंग गेला, दुसऱ्या दिवशी मावशींनी ती इतर काचसामानाबरोबर न्यायच्या आधी माझ्याकडे बघितलं, आणि मी मान हलवली. त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलली.

रविवारी फोन आला. ऊन वाढलं आहे, सासूबाईंना नवं तेल आणलंय. त्यांच्या मागे पडवीत पाण्याची बादली ठेवल्याचा आवाज आला.

"बाटली काय म्हनतीया?"

त्यांना अजून कुणी कळवलं नव्हतं.

"बरी आहे मामा," मी म्हणाले. "कालच नवं घातलं."

"बरं," ते म्हणाले. "बरं हाय."